एकशे अठराचा सभ्यपणा

आमच्या बेळगावात कुणी कोल्हापूरला जाऊन आला, की त्याला 'प्रवास कसा झाला' असं कुणी विचारत नाही. 'कितीत गेलास?' असं विचारतात. अंतर एकशे दहा किलोमीटरच्या आसपास. टिळकवाडीतला प्रत्येक कर्ता पुरुष त्यावर आपापला आकडा बाळगून असतो. 'दीड तास' म्हणणारा मवाळ, 'एक तास' म्हणणारा जहाल, आणि 'पन्नास मिनिटं' म्हणणाऱ्याला कुणी मुलगी देत नाही.

मी या चर्चेत कधी भाग घेतला नाही. चौतीस वर्षं मराठी हायस्कुलात गणित शिकवलं. स्कूटर पस्तीसनं आणि मोटार पंचेचाळीसनं चालवली. त्यामुळं कोल्हापूरच्या लग्नाला भाच्याच्या गाडीतून जायचं ठरलं, तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं, "प्रसाद, सावकाश नेशील नव्हे?"

"मामा," तो म्हणाला, "सावकाश आणि सुरक्षित ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

हा चार वर्षं जर्मनीत राहून आलेला. तिथल्या ऑटोबानच्या बऱ्याच टप्प्यांवर वेगाला मर्यादाच नाही म्हणे. ताशी १३० किलोमीटर ही नुसती शिफारस, तीही १९७८ सालापासूनची. तरी सगळं शिस्तीत. सगळे उजवीकडून चालतात, डावी लेन फक्त पुढं काढायला, काम झालं की परत आपल्या जागी. चुकीच्या बाजूनं ओव्हरटेक करायचा नाही. आणि पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचं? स्पीडोमीटरवरच्या आकड्याच्या निम्मे मीटर. शंभर असेल तर पन्नास. हा हिशेब मला मनापासून आवडला. एवढ्या आवडीपोटी मी पुढच्या सीटवर बसलो, ही माझी पहिली चूक.

काकती गेल्यावर काटा एकशे अठरावर होता. अशा दुभाजकवाल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला केंद्रानं २०१८ साली शंभरची मर्यादा घालून दिलीय, हे मी सांगून पाहिलं. "हो, पण रस्ता मोकळा आहे," असं उत्तर आलं. मी डोक्यात भागाकार केला. ११८ भागिले ३.६, म्हणजे सेकंदाला जवळजवळ तेहतीस मीटर. मी मनात 'राम' म्हणेपर्यंत आमच्या हायस्कुलाच्या पटांगणाची एक बाजू मागं पडत होती. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं, हे मी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना घोकायला लावलं. पण तो वर्ग जागचा हलत नव्हता, त्यामुळं त्यात एवढी भीती आहे हे कळलं नव्हतं.

माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जात होता. तिथं ब्रेक नसतो, रबराचं पायपुसणं असतं. वंटमुरी घाटापर्यंत ते मी दाबून-दाबून पार पुढं गुंडाळलं होतं. मागं हिच्या मांडीवर कुंद्याचे दोन डबे. प्रत्येक वळणाला ते एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर जात, आणि ही "अगं बाई" म्हणे. एका वळणाला एकदा, म्हणजे तक्रार नव्हे, नोंद.

तेवढ्यात कन्नड पाटी आली. आता माझं कन्नड म्हणजे अक्षरं लावून वाचायचं. 'नि... धा... न...' एवढं लागेपर्यंत पाटी गेली. पुढची आली, तिचंही 'नि... धा...'. तिसऱ्या पाटीला उलगडा झाला, की 'निधानवागी चलिसि', सावकाश चला, हे वाचायला आधी सावकाश चालावं लागतं.

खरं दुखणं असं, की पोरगा चालवत उत्तम होता. आरसा बघायचा, हॉर्न वाजवायचा नाही, लाईट डोळ्यांत मारायचा नाही. वाईट चालवत असता तर मामा म्हणून चार शब्द सुनावता आले असते. पण सभ्यपणाला समोर कुणी ओळखीचं लागतं. त्यानं राखलेलं साठ मीटर अंतर ही आमच्याकडं रिकामी जागा असते, आणि रिकामी जागा दिसली की तिथं कुणीतरी बसतंच. बसमध्ये काय, पंगतीत काय. आधी एक वडापची जीप घुसली, मग दुधाचा टेम्पो, मग डबलसीट मोटारसायकल. प्रत्येकाला हा नव्यानं साठ मीटर द्यायचा. जागा देत-देत आम्ही जवळजवळ उलटे बेळगावला निघालो होतो.

हत्तरगीच्या टोलनाक्यापुढं एका ट्रकनं उजवा इंडिकेटर लावला. प्रसादनं ब्रेक मारला. "तो उजवीकडं वळतोय."

"वळत नाही रे. 'तू जा पुढं' म्हणतोय."

"आणि खरंच वळायचं असेल तर काय लावतो?"

"तोच लावतो."

"मग कळायचं कसं?"

"क्लीनरच्या हाताकडं बघायचं."

जर्मनीत चार वर्षं काढलेला माणूस यावर काही बोलला नाही.

संकेश्वरच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर भेटला. गळिताचा हंगाम. मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी लोंबणारा, रिफ्लेक्टर म्हणून काही नाही, आणि टेपवर गाणं इतकं मोठं की ट्रॅक्टर त्याच्यावरच चालत असावा. स्वारी उजव्या लेनमधून, ताशी वीसनं. प्रसादनं वेग खाली आणला, अंतर राखलं आणि थांबून राहिला. डावी लेन मोकळी होती.

"डावीकडनं घे की," मी म्हणालो.

"चुकीच्या बाजूनं ओव्हरटेक करत नसतात, मामा. तो बाजूला होईल."

तो कशाला होतोय? ट्रॅक्टरवाल्यानं एकदा वळून बघितलं, डाव्या हातानं 'जा की' अशी खूण केली, आणि हे जात नाहीत म्हटल्यावर बहुतेक आम्हाला कारखान्याचे साहेब समजून आणखी हळू झाला. आमच्या मागं रांग लागली. हॉर्न सुरू झाले. डावीकडून जाणाऱ्या एका ट्रकच्या ड्रायव्हरनं काच खाली करून कन्नडमधून जे सांगितलं, ते मला अक्षरं न लावता कळलं. मी मात्र त्या चार किलोमीटरांत सगळ्या पाट्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. शंभरऐवजी एकशे अठरानं गेल्यावर कोल्हापूरपर्यंत वाचणार होती दहा मिनिटं. इथं बारा गेली.

शेवटी मागच्या सीटवरून आवाज आला. "प्रसाद, मुहूर्त अकरा बेचाळीसचा आहे. डावीकडनं घे, नाहीतर मामांना चालवायला दे."

त्यानं घेतलं. या दोहोंतली कुठली धमकी लागू पडली, हे मी विचारलं नाही.

तवंदी घाट, निपाणी, कोगनोळी, कागल करत हॉलवर पोचलो तेव्हा घरातून निघून दोन तास झाले होते, आणि नवऱ्याकडचे अजून यायचेच होते. दारात आमचे थोरले साडू उभे. त्यांनी कुंद्याचे डबे हातात घेतले आणि विचारलं, "कितीत आलासा?"

प्रसादनं माझ्याकडं बघितलं.

"सव्वा तास," मी म्हणालो.