‘खरं रक्त’ न पाहिलेल्या माणसाचं उत्तर

रेफ्नच्या ‘ड्राइव्ह’ या चित्रपटावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली ती आपण उगाच तर रागावलो नाही ना, हे बघायला. उगाच नव्हतो.

उत्तर तिथेच खाली द्यायला बसलो होतो, पण लांबत गेलं, म्हणून स्वतंत्र टाकतोय. मूळ चर्चा ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चित्रपट म्हणजे नुसता थाट, आत काही नाही, नायक तोंड उघडत नाही म्हणून लोकांना तो खोल वाटतो, बायका नावापुरत्या, कल्पना वॉल्टर हिलच्या १९७८ च्या ‘द ड्रायव्हर’वरून उचललेली, नाव ‘ड्राइव्ह’ आणि पाठलाग बोटांवर मोजण्याइतके, आणि मी दिलेले साडेचार तारे मागे घ्यावेत. या सगळ्याच्या मधोमध एक वाक्य आहे, ते जसंच्या तसं देतो: “सर, ज्याने आयुष्यात खरं रक्त पाहिलेलं नाही त्यालाच लिफ्टमधला तो प्रसंग देखणा वाटू शकतो.”

(पुढे कथानक फुटणार आहे. ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावं.)

आधी त्या ‘सर’चं बघू. मी कधी कुठे शिकवलेलं नाही, मला कुणी सर म्हणत नाही, आणि तुमच्या प्रतिक्रियेत इतरत्र कुठेही आदर सांडलेला दिसत नाही. तेव्हा हा कोपरापासून केलेला नमस्कार आहे हे न कळण्याइतका मी भोळा नाही. मतभेदाचं मला वावडं नाही. याच लेखाखाली एका वाचकाने मार्टिनेझचं संगीत कंटाळवाणं वाटल्याचं लिहिलंय, त्यांच्याशी माझी छान चर्चा झाली, वर जाऊन बघा. फरक एवढाच की ते चित्रपटाबद्दल बोलत होते. तुम्ही माझं चरित्र लिहायला घेतलंत, आणि त्याची सामग्री कुठून आणलीत देव जाणे.

आता विषय तुम्हीच काढलाय, म्हणून सांगतो. एरवी हे इथे लिहिलं नसतं.

लिहायला लागायच्या कितीतरी आधी मी एका सरकारी रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन होतो. बरीचशी नोकरी रात्रपाळीत गेली. रात्रपाळीत एक्स-रेला जे येतात ते गुडघेदुखीवाले नसतात. अपघात, पडझड आणि मारामाऱ्या. कॅज्युअल्टीतून ट्रॉली यायची, सोबत दोन नातेवाईक, एक वॉर्डबॉय आणि बऱ्याचदा मागे एक हवालदार, कारण केस एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी असायची आणि त्याला कागद हवे असायचे. तेव्हा फिल्मवर काम चालायचं. कॅसेट, म्हणजे फिल्म ठेवायचा चपटा डबा, पेशंटच्या खाली सरकवायच्या आधी तिला प्लास्टिकची पिशवी चढवायची, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. कारण कॅसेटच्या फटीतून रक्त आत झिरपलं तर आतल्या स्क्रीनवर डाग पडतो, आणि मग तो डाग पुढच्या प्रत्येक माणसाच्या फिल्मवर उमटत राहतो. कुणाच्या तरी छातीच्या फोटोत भलत्याच कुणाच्या डोक्यातलं रक्त. आमच्याकडे अशी एक कॅसेट होती. कोपऱ्यात पांढरा ठिपका यायचा. डॉक्टरांना तो माहीत होता, ते तेवढा सोडून बाकीचं वाचायचे.

खरं रक्त. बरं.

तिथे जे पाहिलं त्याला पार्श्वसंगीत नव्हतं, हे तुम्ही न सांगताही मला ठाऊक आहे. ज्याचा हात मोडलाय तो मोबाइल कुठे पडला ते विचारत असतो. ज्याने मारलं तोही कधीकधी बाजूच्याच ट्रॉलीवर असतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर अनेकदा राग नसतो, नुसतं आश्चर्य असतं. हे आपल्या हातून झालं? असं. तो चेहरा मी विसरलेलो नाही आणि लिफ्टच्या प्रसंगाबद्दल मी जे लिहिलं ते त्या चेहऱ्यामुळे लिहिलं. तुम्हाला वाटलं मी सोफ्यावर पाय पसरून ‘वा, काय फ्रेम आहे’ म्हणतोय.

आता तो प्रसंग. लिफ्टमध्ये तिघं आहेत: रायन गॉसलिंगचा निनावी ड्रायव्हर, कॅरी मुलिगनची आयरीन आणि एक अनोळखी माणूस. त्या माणसाच्या कोटात पिस्तूल असल्याचं ड्रायव्हरला दिसतं. तो हाताने आयरीनला हलकेच मागे कोपऱ्यात सारतो. दिवे मंदावतात, जे कुठल्याही खऱ्या लिफ्टमध्ये होणार नाही, काळ ताणला जातो, आणि तो तिचं चुंबन घेतो. मग दिवे परत येतात आणि तो त्या माणसाला खाली पाडून त्याच्या डोक्यावर बूट आपटत राहतो. मेल्यानंतरही. आयरीन मागे सरकत पार्किंगमध्ये बाहेर पडते. तो वळून बघतो, धापा टाकतोय, जॅकेटच्या पाठीवरचा विंचू श्वासाबरोबर वरखाली होतोय. आणि दोघांच्या मध्ये लिफ्टचं दार बंद होतं.

मी ‘देखणा’ हा शब्द वापरला तो या प्रसंगातल्या प्रकाशासाठी, म्हणजे चुंबनासाठी. माझा परिच्छेद परत वाचा, तिथे बुटाबद्दल मी ‘ओंगळ’ लिहिलंय. तुम्ही पहिला शब्द उचललात आणि दुसरा तिथेच सोडलात. हे घाईत झालं असेल असं मी धरून चालतो, कारण दुसरी शक्यता तुम्हाला आवडणार नाही.

आणि दिग्दर्शक रेफ्नने हे दोन्ही एकाच लिफ्टमध्ये, एकापाठोपाठ का ठेवलंय याचा थोडा तरी विचार करायचा होता. चुंबन घेताना ड्रायव्हरला पुढे काय करायचंय हे ठाऊक आहे. ते बघितल्यावर ही बाई आपल्याकडे परत कधी तशी बघणार नाही, हेही ठाऊक आहे. म्हणून आधी निरोप घेऊन टाकतो. त्या दारानंतर ती दोघं पडद्यावर पुन्हा समोरासमोर येतच नाहीत. तो एकदा फोन करतो. ती एकदा त्याचं दार वाजवते, आत कोणी नसतं. बास. हिंसेची किंमत यापेक्षा रोखठोक कशी वसूल करायची असते? भाषण ठोकायला हवं होतं का?

त्याचं जॅकेट बघा. सुरुवातीला कोरं, चकचकीत, पाठीवर सोनेरी विंचू. ज्याला ‘थाट’ म्हणताय तो हाच. पुढे त्यावर रक्त उडतं आणि तो ते बदलत नाही. त्याच डागांसकट हिंडत राहतो, लोकांमध्ये जातो. मला कॅसेट आठवली, तुम्हाला फॅशन दिसली. असू दे.

हिंसेचं सौंदर्यीकरण म्हणून जर कशाकडे बोट दाखवायचंच असेल तर ते लिफ्टकडे नाही, अल्बर्ट ब्रुक्सने केलेल्या गुंड बर्नीकडे दाखवायला हवं होतं, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचं नावही नाही. हा नट विनोदासाठी ओळखला जाणारा. ‘फाइंडिंग नीमो’मध्ये पोराच्या शोधात समुद्र पालथा घालणाऱ्या बापाचा आवाज याचाच. इथे तो ब्रायन क्रॅन्स्टनच्या शॅननचा, म्हणजे ड्रायव्हरला काम देणाऱ्या माणसाचा, हात हातात घेतो, जणू हस्तांदोलन, आणि वस्तऱ्याने मनगटापासून वर चिरतो. मग झालं, झालं, आता दुखणार नाही, अशी त्याची समजूत घालत थांबतो. नंतर तो वस्तरा पेटीत जागच्या जागी ठेवतो. ड्रायव्हर मारतो तेव्हा त्याचा तोल गेलेला असतो. बर्नीचा जात नाही, आणि मला तो प्रसंग लिफ्टपेक्षा कितीतरी जड गेला. माझ्या मूळ लेखात यावर अख्खा परिच्छेद होता. पण तुम्ही तारे मोजत होतात.

बाकीचे मुद्दे.

नायक बोलत नाही म्हणून तो खोल आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. कमी बोलणारी माणसं बहुधा कमीच बोलतात, त्यात खोल काय असायचंय? वॉल्टर हिलच्या चित्रपटाशी नातं आहेच, तिथल्याही ड्रायव्हरला नाव नाही. त्याच्याही आधी १९६७ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक मेलव्हिलच्या ‘ले सामुराय’मधला अबोल मारेकरी येऊन गेलाय. ‘ड्राइव्ह’चा मूळ मजकूर मात्र जेम्स सॅलिसच्या २००५ च्या कादंबरीतला आहे. घराणं असतं, त्याला चोरी म्हणत नाहीत. पुढे.

पाठलाग कमी. हो, कमीच आहेत. पण पहिलाच प्रसंग घ्या. दोन चोरांना घेऊन निघालेला ड्रायव्हर पोलिसांचा वायरलेस ऐकतोय आणि जोडीला रेडिओवर बास्केटबॉलचं समालोचन. आपण समजतो खेळाचा शौकीन असेल. हेलिकॉप्टर वर घिरट्या घालतंय, हा कधी दिवे मालवून थांबतो, कधी सुसाट सुटतो, आणि सामना संपायच्या नेमक्या वेळी गाडी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये घालतो. टोपी चढवतो आणि बाहेर पडणाऱ्या गर्दीत मिसळून चालू लागतो. गाडी चालवण्याची अक्कल इतक्या थोडक्यात दाखवलेली मला तरी दुसरीकडे आठवत नाही. (गंमत म्हणजे रेफ्नला स्वतःला गाडी चालवता येत नाही.) जाहिरात बघून फसल्याची भावना तुमच्या एकट्याची नाही, मिशिगनमधल्या एका प्रेक्षक बाईंनी २०११ मध्ये याच कारणावरून वितरकांवर दावा ठोकला होता. त्या निदान कोर्टात गेल्या. माझ्यासारख्या फुकट लिहिणाऱ्याच्या अंगावर आल्या नाहीत.

एक मुद्दा मात्र मान्य. बायका. आयरीनला वाट बघणं, हसणं आणि शेवटी घाबरणं यापलीकडे फारसं काही दिलेलं नाही. मुलिगन आहे म्हणून ती लक्षात राहते, लिहिलेली आहे म्हणून नाही. क्रिस्टिना हेंड्रिक्सची ब्लांश तर आली काय आणि मोटेलच्या बाथरूममध्ये गेली काय. हे तुमचं बरोबर आहे आणि मी ते मोकळेपणाने मान्य करतो. यावर जास्त लिहीत नाही, कारण मान्य केल्यावर लिहायला राहतंच काय? आणखी हवं असेल तर हेही घ्या: ‘अ रिअल हीरो’ हे गाणं दोनदा वाजवून दिग्दर्शकाने नायकाबद्दल आपण काय समजायचं ते जरा जास्तच ठणकावून सांगितलंय. पाहा, मी काही चित्रपटाचा वकील नाही. कान महोत्सवात त्याला २०११ मध्ये दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं हेही मी पुरावा म्हणून पुढे करत नाहीये. नुसतं सांगतोय.

आता तुमचं शेवटचं वाक्य. इतर वाचकांचं त्याच्याकडे लक्ष गेलं नसेल, कारण ते तुम्ही ताऱ्यांच्या मागणीनंतर, जाता जाता लिहिलंत: “लिफ्टनंतर मी बंदच केला.”

म्हणजे जो चित्रपट तुम्ही पूर्ण पाहिलेला नाही, त्याच्या आत काही नाही हे मला समजावून सांगताय. लिफ्टनंतर साधारण अर्धा तास उरतो. वर ज्या जॅकेटबद्दल लिहिलं त्याचं पुढे काय होतं, शॅननचं काय होतं, बर्नीचं काय होतं, सगळं त्यात आहे. आणि तुमच्यासारख्या, म्हणजे रक्त सहन न होणाऱ्या प्रेक्षकाला कदाचित पटेल अशी एक गोष्ट तिथेच आहे. ड्रायव्हर आणि बर्नी यांच्यातला शेवटचा सुराहल्ला दिग्दर्शक जवळजवळ सगळा पार्किंगच्या डांबरावर पडलेल्या सावल्यांमध्ये दाखवतो. ज्या चित्रपटाने तोवर कवट्या फोडताना संकोच केला नाही, तो नेमक्या शेवटच्या हत्येला नजर खाली का वळवतो, हा खरा बोलण्याचा विषय होता. तुम्ही मला त्यावर धारेवर धरलं असतं तर आनंदाने धरून घेतलं असतं. माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर आजही नाही. कधी वाटतं दमला असावा, कधी वाटतं त्या क्षणी दोघंही मेल्यात जमा आहेत म्हणून सावल्या. शिवाय पैशांची बॅग तिथेच टाकून ड्रायव्हर निघून जातो, तेही आहे.

पण त्यासाठी तिथवर पोचावं लागतं.

तेव्हा असं करू. उरलेला अर्धा तास पाहा, रक्ताच्या जागी डोळे मिटलेत तरी हरकत नाही, आणि मग खुशाल या. तोवर तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, फक्त त्या एका वाक्याला उत्तर म्हणून या मजकुराचा दुवा तिच्याखाली लावला आहे. तारे साडेचारच राहतील. अर्धा कापलाय तो आयरीनसाठी, आणि तो तुमची प्रतिक्रिया यायच्या आधीच कापलेला होता.