'पाणी सापडलं' म्हणण्याआधी

भाचीनं परवा एक फॉरवर्ड पाठवला. "मामा, हे खरंय? दुसऱ्या ताऱ्याभोवती महासागराचा ग्रह सापडला म्हणे!" ग्रह होता के२-१८बी. सिंह राशीच्या दिशेला, 124 प्रकाशवर्षं दूर. दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो, ते काही जमेना. म्हणून इथं लिहितोय.

2019 साली हबल या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून तिथं पाण्याची वाफ सापडल्याची बातमी जगभर गाजली. मीही ती भारावून दहा जणांना सांगितली होती. पण हबल ज्या अवरक्त (इन्फ्रारेड) पट्ट्यात बघत होती, तिथं वाफ आणि मिथेन जवळपास एकाच ठिकाणी प्रकाश शोषतात. 2023 मध्ये जेम्स वेब या नव्या अवकाश दुर्बिणीनं जास्त रुंद पट्टा तपासला. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड स्वच्छ दिसले, वाफ काही ठामपणे दिसली नाही. मला ही दुरुस्ती मूळ बातमीइतकीच मोठी वाटते. ती फॉरवर्ड होऊन कुणाकडे आली का?

मग महासागर आला कुठून? मुळात वजन-मापातून. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना उजेड किती घटतो, त्यावरून व्यास कळतो: पृथ्वीच्या 2.6 पट. ग्रहाच्या ओढीनं तारा किती डुलतो त्यावरून वस्तुमान: सुमारे 8.6 पट. म्हणजे घनता पाण्याच्या पावणेतीन पटीच्या आसपास. पृथ्वीची साडेपाच पट आहे. नुसता खडक आणि लोखंड असता तर ग्रह याहून बराच जड भरला असता. हलकं काहीतरी नक्की आहे. पण निम्मं पाणी धरलं तरी हिशेब जुळतो, आणि खडकाच्या गोळ्यावर हायड्रोजनचं जाड पांघरूण धरलं तरी जुळतो.

आणि निम्मं पाणी म्हणजे आपल्या ओळखीचा समुद्र नव्हेच. पृथ्वीचे सगळे महासागर मिळून तिच्या वस्तुमानाच्या 0.02 टक्क्यांच्या आसपास भरतात! निम्म्या पाण्याच्या ग्रहावर तळाचा दाब इतका, की गरम पाण्याचाही बर्फ होतो. त्या जाड थराखालच्या खडकातलं, सजीवांना लागणारं लोह, फॉस्फरस वर पोचणार कसं? आपल्याकडे पावसानं झिजणारा सह्याद्री नद्यांवाटे ते समुद्राला देत असतो.

भाचीला लिहिलं, "शक्यता आहे, पण सिद्ध झालेलं नाही." लगेच उलट प्रश्न: "मग कळणार कसं?" उत्तम प्रश्न. एक धागा अमोनियाचा. हायड्रोजनच्या खोल वातावरणात तो असायला हवा, आणि वेबला तो दिसलेला नाही. समुद्रानं विरघळवून घेतला, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. वितळलेल्या खडकाचा समुद्रही अमोनियातला नायट्रोजन असाच गिळू शकतो, असं दुसरे म्हणतात.