इलॅस्टेज, दाह आणि उंदरांची फुप्फुसे: ऐरोलीच्या वाचकांना उत्तर

एम्फिसीमा, म्हणजे फुप्फुसांतील वायुकोशांच्या भिंती तुटून ते रुंदावण्याचा विकार, दाहामुळे (शरीराच्या संरक्षक पेशी जमून होणाऱ्या प्रतिक्रियेमुळे) वाढतो, या माझ्या म्हणण्यावर आपण ऐरोलीहून पाठवलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपला आक्षेप असा, की उंदरांच्या श्वासनलिकेत इलॅस्टेज हे विकर (एन्झाइम) सोडले की ते थेट वायुकोशांच्या भिंती तोडते, आणि नंतर जमलेल्या दाहाच्या पेशींवर खापर फोडणे म्हणजे परिणामालाच कारण ठरवणे होय. आक्षेप रास्त आहे. पुरावा एवढाच असता, तर मीही आपलेच म्हणणे मान्य केले असते.

परंतु सोडलेले विकर लवकरच नाहीसे होते आणि वायुकोश मात्र पुढेही आठवडेच्या आठवडे रुंदावत राहतात. ठाण्यात आमच्या विद्यार्थ्यांना मी अशा उंदराच्या फुप्फुसाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवते, तेव्हा तुटलेल्या भिंतींची टोके पोकळीत लोंबताना आणि त्यांच्या आसपास फुगीर मॅक्रोफेज (भक्षक) पेशी बसलेल्या दिसतात. भिंतींना लवचीकपणा देणाऱ्या इलॅस्टिन या प्रथिनाचे तुटलेले तुकडेच रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना तिकडे ओढून आणतात, त्यांच्यापासून बनलेले मॅक्रोफेज इलॅस्टिन तोडणारी विकरे स्रवतात आणि त्यातून आणखी तुकडे पडतात. हे तुकडे निष्प्रभ करणारे प्रतिपिंड दिल्यावर उंदरांत एम्फिसीमाची वाढ रोखली गेल्याचे २००६ साली दिसून आले.

त्याहून सबळ पुरावा सिगारेटच्या धुराच्या प्रयोगांचा आहे, कारण तिथे बाहेरून कोणतेही विकर घातलेले नसते. मॅक्रोफेजमधील एमएमपी-१२ या इलॅस्टिन तोडणाऱ्या विकराचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना सहा महिने धूर दिला, तरी त्यांना एम्फिसीमा झाला नाही (१९९७). न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचे इलॅस्टेज नसलेल्या उंदरांचे नुकसान ५९ टक्क्यांनी कमी झाले (२००३). दाह हा निव्वळ परिणाम असता, तर या पेशींची हत्यारे काढून घेतल्याने फुप्फुसे वाचली नसती.

आपली एक बाजू मात्र पूर्ण खरी आहे. रक्तवाहिन्यांच्या पेशी जगवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाचे ग्राही (ते प्रथिन ज्यांना चिकटून काम करते ते रेणू) रोखल्यावर मोठ्या जातीच्या उंदरांत (रॅट) दाहाची लक्षणीय गर्दी न होताही भिंतींतील पेशी मरून वायुकोश रुंदावले (२०००). म्हणून दाह हे एकमेव कारण आहे, असे मी म्हणणार नाही.

'ठाण्यातल्या दम लागणाऱ्या माणसाला याचा काय उपयोग?' असेही आपण विचारले आहे. टीएनएफ हा दाह वाढवणारा रेणू रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध सीओपीडीच्या (एम्फिसीमा ज्यात मोडतो त्या श्वासमार्गाच्या दीर्घ विकाराच्या) रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा लाभ आढळला नाही. माझ्या मते यामागचे एक मोठे कारण वेळेचे आहे: जनुक काढलेल्या उंदराला धुराच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण असते, तर रुग्णाला औषध मिळते ते भिंती तुटून कित्येक वर्षे लोटल्यावर.