सही घेतली म्हणून बोटांचा हिशेब मिटत नाही

आमच्या साकीनाक्याच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'कामावर अपघात झाला आणि चूक कामगाराची असेल तर भरपाई नाही. ठेकेदाराच्या माणसाला तर नाहीच. शेठने दवाखान्याचं बिल भरून सही घेतली की केस खलास.' तिन्ही गोष्टी साफ चूक.

घाईत हात मशीनमध्ये गेला, लक्ष चुकलं, एवढ्याने हक्क जात नाही. माणूस नशेत होता, सुरक्षेचा स्पष्ट आदेश त्याने जाणूनबुजून मोडला किंवा मशीनचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली आडोशाची जाळी, मुद्दाम काढला, असं सिद्ध झालं तरच मालक सुटतो. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेव्हाही नाही. आणि मी पाहिलेल्या गाळ्यांत पॉवर प्रेसचा (पत्रा दाबून कापायच्या मशीनचा) गार्ड काढायला लावतो कोण? माल भराभर निघावा म्हणून शेठच!

ठेकेदाराचं थोडक्यात: काम मूळ मालकाच्या धंद्यातलं असेल तर भरपाई थेट त्याच्याकडे मागता येते. त्याने मग ठेकेदाराकडून वसूल करावी.

खरी मेख सहीत आहे. ओळखीतल्या एका पोराची, वय ३०, प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्या हाताला बँडेज, म्हणून वीस हजारांच्या व्हाउचरवर डावा अंगठा घेतला. वर लिहिलेलं, 'यापुढे काही देणं नाही.' १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातही आणि आताच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हक्क सोडून दिल्याचा असा करार रद्दबातलच. त्याचा पगार १५,००० होता. त्याचे ६० टक्के ९,०००, वयानुसार कायद्याने ठरवलेला गुणक २०७.९८, आणि एका हाताची दोन बोटं म्हणजे २० टक्के. झाले ३,७४,३६४ रुपये. दवाखान्याचा खर्च यातून कापायचा नाही, तो वेगळा. रक्कम महिन्याभरात दिली नाही तर व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

गाळ्यात माणसं सातच, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नव्हतं. ते असतं तर पैसे तिथूनच मिळाले असते, दोन्हीकडून नाही.

दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे. पण पहिला घोळ कॅज्युअल्टीतच होतो. सुपरवायझर पुढे होऊन 'घरी दारात बोटं सापडली' असं सांगतो, आणि केसपेपरवर तेच उतरतं. सोबत गेलेल्याने तिथेच 'कामावर, प्रेस मशीनमध्ये' असं लिहून घ्यावं.