हात लावल्याशिवाय महाग कपडा विकत नाही, म्हणे

नागपूरच्या कापड व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. नॅटली मॅसनेटचं 'नेट-अ-पोर्टर', म्हणजे भारी ब्रँडचे कपडे ऑनलाइन विकणारं लंडनचं दुकान, पैसा ओतून आणि सवलती वाटून चाललं. लंडनचं गिऱ्हाईक डोळे मिटून घेतं, नागपूरचं हात लावल्याशिवाय घेत नाही. तेव्हा भारी साड्या ऑनलाइन विकायच्या फंदात पडू नका, असा त्याचा मथितार्थ.

आधी पैशाचं. पैशावरच चालायचं असतं तर ऑनलाइन कपडे विकणारी लंडनचीच 'बू डॉट कॉम' बुडाली काहून? तिनं सुमारे साडेतेरा कोटी डॉलर उडवले आणि मे २००० मध्ये दिवाळं काढलं. साइट इतकी जड, की त्या काळच्या मोडेमवर पान उघडेस्तोवर गिऱ्हाईक उठून जायचं. मॅसनेटनं दुकान मांडलं ते पुढच्याच महिन्यात. ऑनलाइन फॅशन म्हटलं की गुंतवणूकदार तोंड फिरवत होते, त्या दिवसांत.

सवलतींचं तर उलटच आहे. हंगामाचा नवा माल ती पूर्ण किमतीला विकायची. मागचा माल स्वस्तात काढायला २००९ मध्ये 'दि आउटनेट' ही वेगळी साइट काढली. २०१० मध्ये रिशमाँ या चैनीच्या वस्तूंच्या स्विस कंपनीनं 'नेट-अ-पोर्टर' ताब्यात घेतलं तेव्हा त्याची किंमत ३५ कोटी पौंड धरली होती.

राहिला हात लावण्याचा मुद्दा. लंडनच्या बायकाही बिचकतच होत्या, मोठे ब्रँडही माल द्यायला कां-कूं करत होते. मॅसनेट मूळची फॅशन पत्रकार, 'टॅटलर' या ब्रिटिश मासिकात काम केलेली. तिनं साइट मासिकासारखी सजवली: वाचता वाचता आवडलं की तिथंच विकत घ्या. कपडा अंगावर कसा बसतो, कोणतं माप घ्यावं, हे लिहून दिलं. माल काळ्या पेटीत, रिबन बांधून घरी जायचा आणि नाही पटला तर परत करता यायचा.

यातलं परतीचं आपल्याला नवं आहे का? लग्नघरी साड्यांचा गठ्ठा जांगडावर पाठवायचा, ठेवायच्या त्या ठेवा, बाकी परत करा, ही आपल्या बाजाराची जुनीच रीत. फरक एवढाच, की जांगड ओळखीच्या घरी जातं आणि पैसे नंतर येतात. मॅसनेटनं हीच मुभा अनोळखी बाईला दिली, पण पैसे आधी घेतले. माझ्या मते तिची खरी कमाई ही. आपल्याकडे २०१० मध्ये फ्लिपकार्टनं माल हातात आल्यावर पैसे द्यायची सोय केली, ती गिऱ्हाईकाची हीच धास्ती ओळखून.

मजकुरातली एक गोष्ट मात्र खरी: टसर रेशमाचा पोत फोटोत कळत नाही. टसरची करवतकाठी साडी विकायची तर काठाचा जवळून फोटो हवा, उन्हातला व्हिडिओ हवा, लांबी आणि ब्लाउजपीस स्पष्ट लिहायला हवं. परतीचा खर्चही किमतीत आधीच धरावा लागेल. भाव पाडून विकणाऱ्याला तो झेपायचा नाही.