आधी आहे ते जपू, मग नवे उभारू

फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० या देशगटाच्या निमित्ताने महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या त्याच्या डब्ल्यू-२० या गटाची बैठक आपल्या छत्रपती संभाजीनगरात भरली, तेव्हा शहरातील अनेक भिंती थोड्याच दिवसांत रंगून निघाल्या. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्याचा मनापासून आनंद झाला होता. माझ्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवरील एका लांब भिंतीवर अजिंठ्याच्या शैलीतील आकृत्या काढल्या होत्या आणि मी थांबून त्या पाहत असे. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांतला निळा रंग विटला, पावसाळ्यात ओल धरून पोपडे सुटले आणि आज एका आकृतीच्या चेहऱ्यावर शिकवणीवर्गाची जाहिरात चिकटवलेली आहे. ही भिंत दुरुस्त करायची तर कोणाला सांगायचे, हे मी चार ठिकाणी विचारले. कोठेही उत्तर मिळाले नाही.

शहराने सार्वजनिक कलेसाठी स्वतंत्र धोरण आखावे, असे मला फार वर्षांपासून वाटते, आणि त्या धोरणातील पहिले कलम देखभालीचे असावे, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने १९५९ मध्येच बांधकामखर्चाचा एक टक्का कलेसाठी राखण्याचा नियम केला. तसा नियम आपल्याकडेही जरूर व्हावा. पण प्रत्येक कामाच्या मंजूर रकमेचा निदान पाचवा हिस्सा पुढील दहा वर्षांच्या डागडुजीसाठी बाजूला ठेवल्याशिवाय कोणत्याही नव्या कामाचे भूमिपूजन होऊ नये, एवढी अट त्याला जोडावी. देखभालीची तरतूद नसलेले काम दोन-तीन वर्षांत विद्रूप होते, आणि मग ‘आपल्या लोकांना कलेची कदर नाही’ असा ठपका बिचाऱ्या नागरिकांवर येतो.

जपण्याची सुरुवात जुन्यापासून करावी. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आपले आजचे शहर, वसवली आणि १६१२ मध्ये भडकल दरवाजा बांधला. आपण बावन्न दरवाजांचे शहर म्हणून मिरवतो, पण त्यांतील मोजकेच दरवाजे आज उभे आहेत. नहर-ए-अंबरीची गोष्ट तर मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नळांतून केवळ उताराच्या आणि दाबाच्या बळावर शहरात आणणारी ती योजना होती. आज जायकवाडी धरणाचे पाणी पंपांनी वर चढवूनही नळाला ते कित्येक दिवसांआड येते. अशा शहरात पाण्याचा तो जुना मार्ग फरसबंदीवर कोरीव दगडाच्या पट्टीने दाखवला, जागोजागी त्याचे कार्य समजावणारे शिल्प उभे केले, तर शाळेची मुले त्या पट्टीमागे चालत पाण्याची जुनी वाट समजून घेतील. कोरड्या पडणाऱ्या कारंज्यांपेक्षा हे काम मला शंभर पटींनी मोलाचे वाटते.

साहित्य कोणते वापरायचे, हे आपल्याला बाहेरून शिकण्याची गरज नाही. अजिंठ्याचे चित्रकार मातीच्या गिलाव्यावर गेरू आणि पिवळ्या मातीचे रंग लावत होते, आणि ती चित्रे टिकली त्यात लेण्यांच्या सावलीचा वाटा फार मोठा आहे. वेरूळचे कैलास लेणे मात्र उघड्या आभाळाखाली आहे आणि तेथे काळा कातळ आठव्या शतकापासून ऊन-पाऊस सोसत उभा आहे. म्हणून उघड्यावर दगड आणि आडोशाला रंग, इतका साधा नियम पाळला तरी निम्मा अपव्यय टळेल. रस्त्याच्या कडेला पाटे-वरवंटे घडवून विकणारे पाथरवट या दगडाची नस ओळखतात. शहरातील शासकीय कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याबरोबर काम द्यावे आणि दोघांनाही योग्य मेहनताना द्यावा. विद्यार्थ्यांकडून ‘प्रसिद्धी मिळेल’ या बोलीवर फुकट काम करून घेण्याची प्रथा तर ताबडतोब बंद व्हायला हवी.

जागेचा विचार करताना चौकातील वाहतूक बेटांचा मोह आवरावा, कारण तेथील शिल्प धावत्या गाडीतून क्षणभर दिसते आणि पायी माणसाला त्याच्याजवळ जाताही येत नाही. आधी जेथे माणसे थांबतात, ताटकळतात, तेथे कला न्यावी. घाटी रुग्णालयात जालना, बीड, परभणीहून आलेले नातेवाईक दिवसच्या दिवस बसून असतात आणि त्यांतील कित्येकांना पाट्या वाचता येत नाहीत. तेथील भिंतींवर रंगांच्या आणि ओळखीच्या आकारांच्या खुणा काढल्या, केसपेपरच्या खिडकीपासून वॉर्डापर्यंत मोर किंवा बैल वाट दाखवू लागला, तर ती कला एखाद्या आजीच्या थेट उपयोगी पडेल. बसस्थानकाचाही क्रमांक मी याच कारणासाठी वर ठेवीन.

लोक आपण होऊन कशाला जपतात, याचे उदाहरण शहरात आहेच. दरवर्षी १४ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी हजारो माणसे येतात, मुलाबाळांना घेऊन त्या कमानीसमोर नतमस्तक होतात, कारण नामांतराच्या दीर्घ लढ्याची आठवण त्या कमानीशी बांधली गेली आहे. म्हणून नवे काम ठरवण्यापूर्वी त्या वस्तीतील लोकांना ‘येथे काय घडले, तुम्हाला काय आठवते’ हे विचारावे, आणि हा प्रश्न निविदा निघण्याच्या आधी विचारला जावा.

पहिल्या वर्षी एकही नवे शिल्प झाले नाही तरी चालेल. शहरातील प्रत्येक भित्तिचित्र, शिल्प आणि दरवाजा यांची आजची स्थिती, करणाऱ्याचे नाव आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद यांची नोंदवही तयार करून ती नागरिकांसाठी खुली करावी. माझ्या वाटेवरील त्या भिंतीची गेल्या तीन वर्षांतील छायाचित्रे मी तारखांसह जपून ठेवली आहेत आणि या नोंदवहीसाठी ती देण्यास मी तयार आहे.