‘कॅक्टसला पाणी लागत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

उन्हाळा लागला की आमच्या यवतमाळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘बॅरल कॅक्टस वाळवंटातला. त्याला पाणी नको, माती कोणतीही चालते, कितीही उन्हात ठेवा. आणि रानात पाणी संपलं तर तोच कापून तहान भागवा.’

शेवटचं आधी घेतो, कारण त्यात जिवाशी खेळ आहे. कॅक्टसच्या पोटात पिता येईल असं मोकळं पाणी नसतं, चिकट गर असतो. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, बऱ्याच जातींत अल्कलॉइडही. उन्हानं आधीच गळालेल्या माणसानं तो खाल्ला तर वांत्या-जुलाब होऊन अंगातलं उरलंसुरलं पाणीही जाईल. वावरात जाताना पाण्याची कॅन न्या. ऊन लागलंच तर सावली, ओलं फडकं आणि लगेच दवाखाना.

‘माती कोणतीही चालते’ या वाक्यानं तर माझाच एक कॅक्टस गेला. मी तो कुंडीत, पण वावरातल्या काळ्या मातीत लावला होता. श्रावणात आठ दिवस झड लागली. वरून हिरवागार दिसत होता, बोटानं दाबला तर बुडाशी पिलपिला. मुळं केव्हाच कुजली होती. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणूनच तिच्यात कपाशी तगते. या झाडाला नेमकं उलट हवं. सोनेरी काट्यांचा जो गोल बॅरल कॅक्टस आपण नर्सरीतून आणतो तो मूळचा मेक्सिकोतल्या क्वेरेतारो-हिदाल्गोकडच्या खडकाळ उतारांवरचा. तिथं पाऊस पडतो, पण पाणी साचून राहत नाही. म्हणून एक घमेलं माती-शेणखत, तर दोन घमेली बारीक मुरूम आणि जाड रेती. कुंडी मातीची, बुडाला भोक असलेली. पावसाळाभर ती छपरीत, उजेडाच्या कडेला.

पाणी मात्र लागतंच. उन्हाळ्यात माती तळापर्यंत सुकली की भरपूर द्यायचं, साधारण आठ-दहा दिवसांनी. थंडीत महिन्यातून एकदा पुरे.

राहिलं ऊन. रानात याची रोपं झुडपांच्या आडोशाला वाढतात, आणि नर्सरीतली तर हिरव्या नेटखालची असतात. ती एकदम मे महिन्यात उघड्या गच्चीवर ठेवली की पश्चिमेच्या अंगाला पांढरट-पिवळा चट्टा पडतो, मग तो तपकिरी आणि टणक होतो. हा डाग पुन्हा हिरवा होत नाही. फेब्रुवारीपासून थोडंथोडं ऊन वाढवा, आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत दुपारी वर नेट किंवा जुनं लुगडं बांधा.